व्हॅन आली... पण परत कधी?

तुमच्या ऑफिसच्या लॉबीत किंवा पॅन्ट्रीबाहेरच्या बोर्डावर हा फोटो कधी ना कधी लागलेला असणार. पांढरीशुभ्र व्हॅन. बाजूला कंपनीचा भला मोठा लोगो आणि त्याच्या खाली छोटासा लाल प्लस. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, आणि हातात हिरवा झेंडा घेऊन उन्हानं डोळे बारीक केलेले तुमचे एमडी. शेजारी टाळ्या वाजवणारी अख्खी लीडरशिप टीम, कंपनीचा टी-शर्ट फॉर्मल शर्टावरूनच चढवलेली! खाली कॅप्शन : ‘फिरत्या दवाखान्याचं लोकार्पण.’

फोटो झक्कास येतो, यात वादच नाही. व्हॅन ही गोष्टच मुळात फोटोजेनिक. झेडपीच्या शाळेत बांधलेलं मुलींचं टॉयलेट कितीही गरजेचं असलं तरी त्याला बिचाऱ्याला हिरवा झेंडा दाखवता येत नाही ना!

पण मला सांगा, त्याच व्हॅनचा दुसरा फोटो तुम्ही कधी पाहिलाय? दीड वर्षानंतरचा?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो एका मैत्रिणीमुळे. ती हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे आणि यंदा तिला सीएसआर कमिटीवर घेतलंय. एका रात्री अकरा वाजता फोन. “ए, तू हेल्थवर लिहितेस ना? पटकन सांग. दोन प्रपोझल्स आलीयत. एक मोबाइल क्लिनिकचं आणि एक कसल्यातरी गावातल्या बायकांच्या ट्रेनिंगचं. सगळ्यांचं मत व्हॅनला आहे. मला दोन ओळींत सांग, कुठलं बरं?”

दोन ओळींत! मास कॉमला आम्हाला शिकवायचे की जगातली कुठलीही गोष्ट दोन ओळींत सांगता आली पाहिजे. सर, ही नाही येत. मी तिच्याकडे महिनाभराची मुदत मागितली आणि या फिरत्या दवाखान्यांच्या मागे लागले.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. १०८ला फोन केल्यावर येते ती ॲम्ब्युलन्स. महाराष्ट्रात ती सेवा २०१४ साली सुरू झाली. ती पेशंटला उचलून हॉस्पिटलात नेते. आपण बोलतोय ते उलट्या दिशेच्या गाडीबद्दल. ही हॉस्पिटललाच उचलून पेशंटच्या दारात नेते. सरकारचीही असतात अशी पथकं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून त्यासाठी पैसे मिळू लागले. साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक गाडी आणि एका जिल्ह्याला जास्तीत जास्त पाच, असा त्यांचा ठोकताळा आहे.

या सगळ्यातली सगळ्यात भन्नाट गाडी मात्र रस्त्यावरची नाहीच. ती रुळांवरची आहे. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईच्या ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’नं रेल्वेला बरोबर घेऊन ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’ सुरू केली. आपण तिला जीवनरेखा एक्स्प्रेसही म्हणतो. तीन डबे आणि आत ऑपरेशन थिएटर. पहिला मुक्काम होता खलारीला. तेव्हा ते बिहारमध्ये होतं, आता झारखंडमध्ये आहे. युद्धातल्या जखमींना वाहून नेणाऱ्या गाड्या त्याआधीही होत्या, पण साध्या गावकऱ्यांसाठी फिरणारं रुळांवरचं हॉस्पिटल म्हणून जगात पहिला मान हिलाच दिला जातो. आज तिला सात डबे आहेत आणि आतापर्यंत दहा लाखांहून जास्त पेशंट तिनं तपासलेत.

ही गाडी चालते कशी, ते बघण्यासारखं आहे. ती एका स्टेशनात येऊन साइडिंगला तीन-चार आठवडे मुक्काम ठोकते. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, कानाचं ऑपरेशन, पोलिओनं वाकडा झालेला पाय... गावोगावी आधीच तपासण्या होऊन याद्या तयार असतात. शहरातले सर्जन आपापली प्रॅक्टिस बाजूला ठेवून काही दिवस येतात, फुकट ऑपरेशनं करतात आणि परत जातात. मग गाडी हलते पुढच्या गावाला.

आणि इथेच मला पहिला क्लू मिळाला. या यादीतली बहुतेक दुखणी कशी आहेत बघा. मोतीबिंदू एकदा काढला की काढला. दुभंगलेला ओठ शिवला की ते पोर पुढची साठ वर्षं हसतं. टाके काढायचे, ड्रेसिंग बदलायचं, हे गावाजवळचं हॉस्पिटल करू शकतं. गाडी निघून गेली तरी काम झालेलं असतं. ‘येणार आणि जाणार’ या प्रकारच्या गाडीला ‘एकदाच करायचं’ या प्रकारचं काम. सॉलिड डोकं आहे त्यामागे.

दुसरा क्लू आसामचा. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळूची बेटं आहेत. त्यांना तिकडे चर किंवा सापोरी म्हणतात. तिथे लाखो लोक राहतात. पण नदी दरवर्षी बेटं खाते आणि दुसरीकडे नवी टाकते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र बांधायचं म्हणजे नदीला दान द्यायचं! पत्रकार संजय हजारिका यांच्या ‘सी-नेस’ या संस्थेनं २००५ साली ‘अखा’ नावाची बोट पाण्यात सोडली. अखा म्हणजे असमियात आशा. पुढे २००८ पासून राज्याच्या आरोग्य अभियानानं पैसे दिले आणि बोटींची संख्या वाढत गेली. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन असे सगळे बोटीतच राहतात, बोटीतच जेवतात, आणि एकेक बेट घेत पुढे सरकतात.

आपल्याकडे नंदुरबारचीही कथा तीच. सरदार सरोवराचं पाणी मागे चढलं आणि अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांतले नर्मदाकाठचे पाडे रस्त्यापासून तुटले. तिथे आरोग्य खात्याचा दवाखाना बोटीतून जातो. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जायची, पोरांची वजनं करायला आणि गरोदर बायकांना आहार पोचवायला. तो फोटो बऱ्याच पेपरांत आला होता, आठवत असेल तुम्हाला.

म्हणजे जिथे इमारत टिकूच शकत नाही किंवा रस्ताच नाही, तिथे फिरता दवाखाना ही चैन नाही. तिथे तोच दवाखाना.

आता या आपल्या शहरात.

आपल्याला वाटतं की दवाखाना न पोचलेली माणसं म्हणजे मेळघाट, गडचिरोली, म्हणजे आपल्यापासून एक अख्खी रात्र लांब. मैत्रिणीच्या कंपनीच्या प्रपोझलमध्येही ‘रिमोट व्हिलेजेस’ असंच लिहिलं होतं. पण त्यांच्या ऑफिसच्या सातव्या मजल्यावरून खाली बघितलं तर नव्या टॉवरच्या मागे निळ्या पत्र्यांच्या खोल्यांची रांग दिसते. लेबर कॅम्प. पंचतारांकित हॉस्पिटल तिथून चार किलोमीटर, सरकारी दवाखानाही फार लांब नाही. तरीही ही माणसं दवाखान्यापासून लांबच आहेत. कशी, ते मला एका संस्थेच्या व्हॅनबरोबर त्या पट्ट्यातल्या एका कॅम्पवर गेल्यावर कळलं.

गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा. व्हॅन म्हणजे सीट काढून टाकलेली ट्रॅव्हलर. आत एक तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, छोटा फ्रिज. डॉक्टर माझ्याच वयाचा, लातूरचा. एक सिस्टर, एक फार्मासिस्ट आणि ड्रायव्हरकाका. गाडी थांबली की काका आधी ताडपत्री बांधतात, मग एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन वॉचमनच्या केबिनमधून लाइट घेतात. दहा मिनिटांत रांग. बिहार, झारखंड, छत्तीसगड, मधूनच नांदेड आणि यवतमाळ. डॉक्टर हिंदी, मराठी आणि थोडीशी बंगाली अशा मिसळीत बोलतो.

“सुरुवातीला आम्ही दहा ते चार यायचो,” तो म्हणाला. “रांगेत फक्त लहान पोरं, त्यांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आणि मेसचा आचारी. बाकी सगळे साइटवर. दोन महिने आम्ही आमच्या ड्युटीच्या सोयीनं दवाखाना चालवला.” मग वेळ बदलली. बदलली म्हणजे नुसती पाटी बदलली असं नाही हं. रात्री नऊला सुटणाऱ्या सिस्टरला घरी कोण सोडणार? आता व्हॅनच सोडते. फार्मासिस्टची शिफ्ट दुपारी सुरू होते. हे सगळं कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं आणि दवाखाना चालतो की नुसता उभा राहतो, ते यावर ठरतं.

रांगेत एक मावशी होत्या. वय विचारलं तर म्हणाल्या, “असंल चाळीस-पंचेचाळीस.” नांदेडकडच्या. नवरा-बायको दोघं साइटवर माल कालवायचं काम करतात. सिस्टरनं बीपी घेतलं, काही बोलली नाही, त्यांना स्टुलावर पाच मिनिटं शांत बसवलं आणि परत घेतलं. १८४ आणि ११०. सिस्टरनं विचारलं, “मावशी, गोळी चालू होती का कधी?”

मावशींनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. दहाच्या दहा घरं फुटलेली, चांदी चुरगळलेली.

“आधीच्या साइटवर गाडी यायची मंगळवारी. लई चांगली व्हती. मग दिवाळीपासनं आलीच न्हाई. गोळ्या सरल्या. हे ठिवलं दाखवायला.”

डॉक्टरनं त्या चुरगळलेल्या कागदावरचं औषधाचं नाव टॉर्च मारून वाचलं. तीन वर्षांत तीन साइट बदललेल्या त्या बाईची आख्खी मेडिकल फाइल म्हणजे ती स्ट्रिप होती! मी विचारलं, “मधल्या काळात सरकारी दवाखान्यात नाही गेलात?”

“गेले की एकदा. केसपेपरच्या लायनीतच धा वाजले. त्या दिसाची हजेरी गेली.” पुढच्या खेपेला त्या गेल्या नाहीत. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, मग पोटाला चिमटा काढून कशाला जायचं?

ती मंगळवारची गाडी का बंद झाली, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाला, “प्रोजेक्ट संपलं असेल.” आवाजात राग वगैरे काही नाही. त्यानं असं बऱ्याचदा पाहिलंय.

आता जरा गणित करू. बीपीची गोळी स्वस्त असते, पण रोज घ्यावी लागते, आणि ते पुढची कितीतरी वर्षं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं होतं किंवा गोळ्यांवर होतं. म्हणजे दर चार-पाच जणांत एक. व्हॅन महिन्यातून एकदा येते आणि तीस गोळ्या देते असं धरा. एका महिन्यात नेमकी त्या दिवशी सुट्टी आली, किंवा गाडीचा क्लच गेला, किंवा ती गाडी त्या दिवशी कुणाच्या तरी उद्घाटनाला मांडवात उभी करायची होती (हसू नका, असं होतं!). एक खेप चुकली की पेशंटचा आख्खा महिना कोरडा. तीच व्हॅन दर आठवड्याला येत असेल तर एका चुकलेल्या खेपेनं एकच आठवडा हुकतो. या संस्थेनं यावर साधा तोडगा काढलाय. महिन्याच्या गोळ्यांबरोबर एक जास्तीची स्ट्रिप देतात आणि सांगतात, ही आम्ही नाही आलो तर फोडायची.

शिवाय प्रत्येकाला एक पिवळं जाड कार्ड. त्यावर बीपी, शुगर, आणि औषधाचं कंपनीचं नव्हे तर मूळ नाव, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. कारण हा माणूस पुढच्या महिन्यात हैदराबादच्या साइटवर असू शकतो आणि तिथल्या डॉक्टरला ते वाचता आलं पाहिजे. २०२१ पासून देशभर ‘आभा’ हा चौदा आकडी हेल्थ नंबर आलाय, तो कार्डावर लिहायला जागाही ठेवलीय. पण ज्या फोनवर तो नंबर काढला तो फोन बऱ्याचदा पुढच्या भेटीपर्यंत विकलेला किंवा फुटलेला असतो, असं फार्मासिस्टचं म्हणणं. पिवळं कार्ड मात्र पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीत राहतं.

माझ्यापुरता या विषयाचा निकाल त्या संध्याकाळी लागला. व्हॅन किती मोठी, आत एसी आहे का, ईसीजी मशीन आहे का, हे सगळं नंतर. ती कुठल्या वारी, किती वाजता येते, आणि पुढच्या वर्षी याच वारी येणार का, तेवढं सांगा.

वेळेचं हे प्रकरण ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तर अजूनच कडक आहे. दिवाळीच्या आसपास बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. मुकादमाची उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. पहाटे चारला फडात जाणारी बाई अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात कधी जाणार? तुमच्या व्हॅनची वेळ सकाळी अकराची असेल तर ती कोप्यांसमोर एकटीच उभी राहणार. साधे उपचार हाताशी नसले की काय होतं, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे बरीच कारणं आहेत, खासगी डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती हे त्यातलं मोठं. पण संध्याकाळी सातला कोपीपाशी येणारी एक लेडी डॉक्टर, आणि गावी परतल्यावर तेच कार्ड बघणारं तिथलं आरोग्य केंद्र, एवढं असतं तर त्यातल्या कितीतरी जणींचं दुखणं साध्या गोळ्यांवर भागलं असतं, असं मला वाटतं. ही माणसं स्वतःच फिरती आहेत. फिरत्या दवाखान्याला यांच्याहून योग्य पेशंट कुठे सापडणार?

आता मैत्रिणीचं ते दुसरं प्रपोझल, ‘कसल्यातरी गावातल्या बायकांचं ट्रेनिंग’. त्याला तिच्या कमिटीत कुणी भाव देत नव्हतं, कारण त्याचा फोटो बोअर येतो. सतरंजीवर बसलेल्या बायका आणि फळ्यासमोर एक सिस्टर!

मी तिला गडचिरोलीबद्दल सांगितलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ सुरू केलं, हे तुम्हाला माहीत असेलच. नवजात बाळं मरत होती ती पहिल्या काही दिवसांत, बऱ्याचदा रात्री-अपरात्री, घरात. अशा वेळी गुरुवारची गाडी काय कामाची? त्यांनी ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं. या बायका आरोग्यदूत झाल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ पासून हीच कल्पना देशभरात आशांच्या हाती गेली. आज तुमच्या गावाकडच्या एखाद्या वहिनीची डिलिव्हरी हॉस्पिटलात झाली तरी त्यानंतर बेचाळीस दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी येऊन बाळ बघायचं असतं. याची मुळं त्या ३९ गावांत आहेत.

आणि गंमत म्हणजे ‘सर्च’कडे आदिवासी गावांत जाणारं फिरतं पथकही आहे. म्हणजे भांडण व्हॅन विरुद्ध बायका असं नाहीच. व्हॅन निघून गेल्यावर गावात कोण उरतं, कुणाच्या पोळ्याच्या दिवशी गोळी चुकली, कोण बाई चेकअप टाळतेय, हे ठाऊक असलेलं माणूस गावात आहे का, एवढाच मुद्दा आहे. ते असेल तर व्हॅन सोनं. नसेल तर डॉक्टर दर महिन्याला पहिल्यापासून ओळख करून घेतो.

“मग दोन्ही प्रपोझल्स एकत्र करता येतील?” मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, हेच तर विचार त्यांना! पण खरी अडचण पुढेच होती आणि ती तिनंच सांगितली. पैशांची मुदत.

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण तुमच्याच पगाराशी नातं असलेला आहे, तेव्हा वाचा. २०१३च्या कंपनी कायद्यानं सीएसआर सक्तीचा केला आणि तो १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी जुळलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. चांगलंच आहे. नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून बरीच वर्षं चालणारं कामही बसतं, पण त्याची मर्यादा सुरू झालेलं वर्ष धरून एकूण चार. त्यापुढेही कंपनी नव्यानं पैसे देऊ शकते, कुणी हात धरलेले नाहीत. पण तोवर एमडी बदललेले असतात, कमिटी बदललेली असते, आणि नव्या कमिटीला नवा झेंडा दाखवायचा असतो. बीपी मात्र तेच असतं.

त्यात व्हॅनचा हिशेब फसवा. गाडी एकदाच घ्यायची असते, त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये तीच मोठी दिसते. डॉक्टरचा पगार, डिझेल, टायर, शुगरच्या पट्ट्या आणि गोळ्या, हे दर महिन्याला. काही वर्षांत हा आकडा गाडीला कुठल्या कुठे मागे टाकतो. एका संस्थेच्या मॅनेजरनं मला हात जोडून सांगितलं, “ताई, आम्हाला गाडी द्यायला सगळे तयार असतात. गाडीत बसणाऱ्या डॉक्टरला पगार द्यायला कुणी तयार नसतं. डॉक्टरवर लोगो लावता येत नाही ना!”

मैत्रिणीनं कमिटीसमोर काय काय मांडलं त्याची ही यादी नाही, पण त्यातलं मला पटलेलं सांगते. नवी व्हॅन घेण्याऐवजी आधीच रस्त्यावर असलेल्या आणि पैशांविना अर्धा आठवडा उभ्या राहणाऱ्या एखाद्या व्हॅनचं चालवणं तिनं मागितलं. ठिकाणं कमी, फेऱ्या जास्त. प्रत्येक ठिकाणी तिथल्याच एका बाईला मानधन. आणि करारात एक कलम : बंद करायचं असेल तर सहा महिने आधी सांगायचं आणि त्या सहा महिन्यांत प्रत्येक बीपी-शुगरवाल्या पेशंटचं कार्ड जवळच्या सरकारी दवाखान्यात नोंदवून द्यायचं, जमल्यास त्यांच्या संध्याकाळच्या ओपीडीत. या शेवटच्या कलमावर फायनान्सचे साहेब म्हणाले म्हणे, “अजून सुरू नाही केलं, तर बंद करायचं काय बोलता?” साहेब, तेच तर कुणी बोलत नाही.

मीटिंगचा निकाल हा अंक छापायला जाईपर्यंत लागलेला नाही. व्हॅनवर लोगो किती फुटांचा, यावर पाऊण तास गेला, एवढं मात्र कळलंय.

तुमच्या ऑफिसात व्हॉलंटियरिंगचा मेल येतो. शनिवारी व्हॅनबरोबर जा, टी-शर्ट मिळेल, लंच मिळेल. जरूर जा. पण तिथे गेल्यावर सेल्फीच्या आधी रजिस्टर मागा. मागच्या महिन्यात आलेल्या बीपीच्या पेशंटांपैकी या महिन्यात किती परत आले, ते बघा. एकूण किती तपासले हा आकडा तुम्हाला कुणीही मोठ्या फॉन्टमध्ये दाखवेल, परत किती आले ते रजिस्टरमध्येच सापडतं. वेळ कुणाच्या सोयीची आहे ते विचारा. गोळ्या संपल्या तर काय करायचं, हे रांगेतल्या एखाद्या मावशींना विचारा, डॉक्टरला नको.

आणि ड्रायव्हरशी बोला. खरंच. डॉक्टर दर वर्ष-दीड वर्षाला बदलतो. पीजीची एन्ट्रन्स निघते की गेला. ड्रायव्हर राहतो. त्या गुरुवारच्या व्हॅनचे काका सात वर्षं तीच गाडी चालवतायत. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, दुकानदाराची उधारीची असते तशी. तो टॉवर पुरा होत आलाय आणि मार्चनंतर कॅम्प उठणार. काकांनी मुकादमाला चहा पाजून प्रत्येक टोळी पुढे कुठल्या साइटवर जाणार ते आत्ताच लिहून घेतलंय. नांदेडच्या मावशींच्या टोळीसमोर मोशीतल्या एका साइटचा पत्ता आहे, आणि त्याच्यापुढे काकांच्या अक्षरात : बुधवार, संध्या. ७.